अब्रू कोणाची गेली?

कोणत्याही शहराच्या इतिहासांत कांहीं सालें अशीं असतात कीं, तीं विसरलीं जावींत असें त्या शहरास वाटतें, आणि नेमकीं तींच विसरणें त्याच्या हिताचें नसतें. जळगांवच्या इतिहासांत १९९४ हें असें साल आहे. त्या गोष्टीस आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या वेळीं दप्तर घेऊन शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलींच्या मुली आज कॉलेजांत आहेत. सोन्याच्या पेढ्या, केळीच्या वखारी व डाळीच्या गिरण्या यांच्या बळावर शहर चोहोंकडे पसरलें आहे. तरीपण त्या सालाचा विषय निघाला कीं, बोलणाराचा आवाज आपोआप खालीं येतो. गुन्हेगाराचा आवाज खालीं यावा हें योग्यच. पण ज्यांनीं कांहींच गुन्हा केला नाहीं, त्यांनींही कुजबुजत बोलावें असें ह्या विषयांत काय आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधल्यावांचून जळगांव व धुळें ह्या दोन्ही जिल्ह्यांत अत्याचार सोसलेल्या स्त्रियांस आधार देण्याच्या गोष्टी बोलणें व्यर्थ आहे, असें आमचें मत असल्यामुळें आज आम्ही हा विषय मुद्दाम हातीं घेत आहों.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगणें जरूर आहे. १९९४ सालीं असें उघडकीस आलें कीं, जळगांवांतील कित्येक मुलींस व तरुण स्त्रियांस कोठें ओळखीच्या निमित्तानें, तर कोठें आणखी कसलें आमिष दाखवून जाळ्यांत ओढण्यांत येत असे. त्यांचे नग्नावस्थेंतील फोटो काढण्यांत येत. आणि मग ते फोटो घरीं व गांवांत दाखविण्याचा धाक घालून त्यांजवर पुनःपुन्हां अत्याचार होत. ह्या कृत्यांत गुंडांबरोबर स्थानिक राजकारणांत वजन असलेलीं माणसेंही असल्याचा आरोप झाला, व हा प्रकार एकदोन महिने नव्हे, तर कांहीं वर्षें चालला होता असेंही पुढें आलें. तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. अरविंद इनामदार व मीरां चढ्ढा बोरवणकर ह्या पोलीस अधिकाऱ्यांचीं नांवें त्या तपासाशीं कायमचीं जोडलीं गेलीं. खटल्यांसाठीं खास न्यायालयाची योजना झाली. वर्तमानपत्रांनीं अत्याचार सोसलेल्या मुलींची संख्या शेंकड्यांनीं छापली. तींत खरें किती व कानगोष्टी किती हें सोडून दिलें, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. प्रत्यक्ष फिर्याद देण्यास ज्या पुढें आल्या, त्यांची संख्या त्या मानानें अगदींच अल्प होती. कांहीं आरोपींस खालच्या कोर्टांत शिक्षा झाल्या, परंतु त्यांतील महत्त्वाच्या शिक्षा हायकोर्टांत टिकल्या नाहींत. एवढा गाजावाजा, एवढा तपास, आणि शेवटीं हातीं लागलें तें इतकेंच!

ह्याचें कारण केवळ कायद्याच्या पुस्तकांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. तें त्या वेळच्या सोयरिकींच्या बैठकींत सांपडेल. प्रकरणाचा बोभाटा होतांच जळगांवच्या मुलीचें स्थळ म्हटलें कीं, लोक मागें सरूं लागले. ठरलेलीं लग्नें अडलीं. जिचा ह्या प्रकरणाशीं दूरान्वयानेंही संबंध नव्हता, तिच्या बापालाही मुलीच्या चारित्र्याचा खुलासा करण्याची पाळी आली. ज्या पुरुषांवर आरोप होते त्यांच्या गांवचे म्हणून जळगांवच्या मुलग्यांचीं लग्नें मोडल्याचें मात्र कोणाच्या ऐकिवांत नाहीं. गुन्हा पुरुषांनीं केला, आणि दंड गांवांतील यच्चयावत् मुलींनीं भरला! असा न्याय ज्या समाजांत होतो, तेथें एखादी मुलगी पोलीस ठाण्याची पायरी चढली नाहीं, तर तिला भित्री म्हणावें, कीं शहाणी म्हणावें?

जळगांव हें व्यापाऱ्यांचें गांव आहे. म्हणून व्यापाराच्याच भाषेंत सांगतों. गुन्हेगाराच्या हातांतील तो फोटो म्हणजे एक हुंडी होती. हुंडीचा कागद स्वतः कांहींच किंमतीचा नसतो. ती वटविणारी पेढी असेल, तरच त्या कागदाला मोल. येथें ती पेढी कोणाची होती? गुन्हेगाराची खास नव्हे. ती पेढी तुमची-आमची होती. फोटो पाहून समाज मुलीच्या तोंडावर थुंकेल, बाप तिला घराबाहेर काढील, कॉलेज तिचें नांव कमी करील, अशी गुन्हेगाराला पक्की खात्री होती. आणि ती खात्री आम्हींच त्याला पिढ्यान्‌पिढ्या दिलेली होती. तोच फोटो घेऊन तो मुलीच्या घरीं गेला असता, आणि बापानें मुलीला पाठीशीं घालून त्याचें मनगट धरलें असतें, तर त्या हुंडीचा त्याच क्षणीं रद्दीचा कागद झाला असता. दहशत फोटोची नव्हती. दहशत शेजाऱ्यांच्या जिभेची होती.

आमच्या भाषेनें ह्या कामीं गुन्हेगाराची केवढी सेवा केली आहे, तीही पाहण्यासारखी आहे. बलात्कार म्हणण्याचा संकोच वाटतो म्हणून आम्ही 'अतिप्रसंग' म्हणतों; जणूं प्रसंग योग्यच होता, जरा अति झाला इतकेंच! 'अब्रू लुटली' म्हणतों. परंतु चोरानें घर फोडलें तर घरवाल्याचा माल जातो, चारित्र्य जात नाहीं. मग येथेंच लुटणाराची अब्रू शाबूत राहून लुटलेलीची कशी जाते? 'तोंड काळें केलें' ही म्हण तर करणारापेक्षां सोसणारीलाच अधिक चिकटते. १९९४ च्या प्रकरणास वर्तमानपत्रांनीं दिलेलें 'वासनाकांड' हें नांवही ह्याच जातीचें. वासना म्हटलें कीं वाचणाराचे डोळे मिटकी मारूं लागतात, आणि तींत दोघांचाही थोडाबहुत वांटा असावा असें त्यास नकळत वाटूं लागतें. वस्तुतः तेथें होती ती खंडणी, तेथें होती ती दहशत, तेथें होता तो सत्तेचा माज. त्यास दरोडा म्हटलें असतें तर लोकांनीं दरोडेखोर कोण तें विचारलें असतें; वासनाकांड म्हटल्यामुळें त्यांनीं मुली कोणाच्या तें विचारलें.

हा रोग आजचा नव्हे, आणि त्यावरील औषधही आजच शोधावयाचें आहे असें नव्हे. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. घरच्याच माणसांच्या पापास बळी पडलेल्या विधवा त्या काळीं विहीर तरी जवळ करीत, नाहीं तर अर्भकाचा गळा तरी दाबीत. फुले दांपत्यानें त्यांस दोन गोष्टी देऊं केल्या: डोक्यावर छप्पर व नांवाची गुप्तता. आधीं चौकशी आणि मग आश्रय, असा त्यांचा क्रम नव्हता. आधीं आश्रय, हाच त्यांचा क्रम होता. पुढें १८९१ सालीं संमतिवयाचें बिल आलें. पत्नीच्या बाबतींतही संमतीचें वय दहावरून बारावर न्यावें, एवढीच त्याची मागणी. पण त्यावरून महाराष्ट्रांत रण माजलें. आगरकर एका बाजूस, टिळक दुसऱ्या बाजूस. विरोधकांचा मुख्य मुद्दा हा कीं, सरकारनें आमच्या धर्मांत व घरांत हात घालूं नये. घराच्या नांवाखालीं घरांतील लेकरास झालेली इजा झांकण्याची ही संवय किती जुनी आहे, तें ह्यावरून दिसेल. आजही 'घरची गोष्ट घरांत राहूं द्या' हेंच वाक्य मोठ्या शहाणपणाचें म्हणून बोललें जातें, आणि त्याचा अर्थ बहुधा एकच असतो: अपराधी घरांत राहूं द्या.

कायदा मात्र त्या ठिकाणीं थांबलेला नाहीं, आणि त्याला पुढें ढकलण्यांत महाराष्ट्राच्या एका खेड्यांतील मुलीचा वांटा मोठा आहे. १९७२ सालीं त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, देसाईगंजच्या पोलीस चौकींत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनींच अत्याचार केल्याचा खटला झाला. हायकोर्टानें शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं अंगावर जखमा नाहींत, आरडाओरडा नाहीं, अशा कारणांवरून आरोपींस सोडलें. चौकींत रात्रीं पोलिसांपुढें एका गरीब मुलीनें ओरडावयाचें तरी कोणाला ऐकूं जावें म्हणून? उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहून हाच प्रश्न विचारला, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. कोठडींतील अत्याचारास अधिक कडक शिक्षा ठरली, तेथें संमती नव्हती असें स्त्रीनें सांगितल्यास कोर्टानें तें गृहीत धरावें असें ठरलें, आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रीचें नांव छापणें हा गुन्हा झाला. २००२ सालीं फिर्यादी स्त्रीच्या पूर्वचारित्र्यावर चिखलफेंक करण्याची पुराव्याच्या कायद्यांतील जुनी मुभा रद्द झाली. २०१२ सालीं मुलांच्या संरक्षणासाठीं पॉक्सो कायदा आला. २०१३ सालीं पाठलाग करणें व चोरून चित्रें काढणें हे स्वतंत्र गुन्हे ठरले. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'दोन बोटांच्या चाचणी'चा निषेध करून ती करणारा गैरवर्तनास पात्र ठरेल असें बजावलें. ह्या चाचणीविरुद्ध सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून फार आधींपासून आवाज उठलेला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली. तींतही हीं संरक्षणें कायम आहेत.

मग कायदा इतका पुढें आला असतां प्रकरणें कां ढेंपाळतात? ह्याचें उत्तर दोन परप्रांतीय खटले शेजारीं शेजारीं ठेवल्यास मिळेल. जळगांवच्या आधीं दोन वर्षें, १९९२ सालीं, राजस्थानांत अजमेर येथें हाच फोटोंचा व धाकदपटशाचा प्रकार उघडकीस आला होता. त्यांतील शेवटच्या सहा आरोपींस जन्मठेप झाली ती २० ऑगस्ट २०२४ रोजीं, म्हणजे बत्तीस वर्षांनीं. दरम्यान ज्या मुलींनीं साक्ष द्यावयाची, त्यांचीं लग्नें झालीं, मुलें झालीं, आणि प्रत्येक नव्या आरोपीबरोबर त्यांस पुन्हां कोर्टाचें बोलावणें जाऊं लागलें. अनेकींनीं साक्ष फिरविली किंवा तोंड मिटून घेतलें. त्यांस दोष कोण देईल? दुसरा खटला तामिळनाडूंतील पोल्लाचीचा. तेथेंही ओळख वाढवून चित्रें घेणें व त्यांच्या जोरावर छळणें हीच रीत. २०१९ सालीं फिर्याद झाली, तेव्हां सुरवातीस पोलिसांनीं व सरकारनें फिर्यादी मुलीचें नांव जगजाहीर करण्याचा अक्षम्य प्रमाद केला, आणि त्याबद्दल मद्रास हायकोर्टानें तिला २५ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. पुढें तपास सीबीआयकडे गेला, खटला बंद दाराआड चालला, साक्षीदारांस संरक्षण मिळालें. आणि १३ मे २०२५ रोजीं नऊही आरोपींस जन्मठेप झाली. ह्या खटल्यांतील एकही साक्षीदार फिरला नाहीं, ही गोष्ट आमच्या मतें शिक्षेहून महत्त्वाची आहे. मुली तेथील अधिक शूर आणि येथील भित्र्या असें नाहीं. जेथें साक्षीदाराच्या पाठीशीं माणसें उभीं राहतात, तेथें साक्ष उभी राहते. खटला न्यायाधीशापुढें हरण्याच्या कितीतरी आधीं आळींत हरलेला असतो.

आतां आमच्याशीं मतभेद असणाऱ्यांचें म्हणणें पाहूं. एक आक्षेप असा कीं, असे कायदे झाल्यावर खोट्या फिर्यादी होतील. खोटी फिर्याद चोरीचीही होते, मारामारीचीही होते, जमिनीच्या बांधाची तर नेहमींच होते. म्हणून पोलीस ठाणीं बंद करा असें कोणी म्हणत नाहीं. खरें-खोटें निवडण्यासाठींच तपास व कोर्ट आहे. फिर्याद ऐकण्यापूर्वींच ती खोटी मानावयाची, हा न्याय फक्त स्त्रियांच्याच वांट्यास कां?

दुसरा आक्षेप अधिक गोड भाषेंत येतो: 'मिटवून घ्या, मुलीचें आयुष्य आहे.' मिटविणें म्हणजे कोठें चार पंचांनीं बसून दंडाची रक्कम ठरविणें. कोठें अपराध्याशींच मुलीचें लग्न लावून देणें. २०२१ सालीं महाराष्ट्रांतील असेंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें होतें. शाळकरी मुलीवर अत्याचाराचा आरोप. आणि मुलगी वयांत आल्यावर तिला सून करून घेऊं, असा आरोपीच्या आईनें दिलेला लेखी कबुलीजबाब! खालच्या कोर्टानें दिलेला अटकपूर्व जामीन औरंगाबाद खंडपीठानें कडक शब्दांत ताशेरे ओढून रद्द केला. त्याच खंडपीठाच्या अधिकारांत आपला खानदेश येतो. मुलीच्या हितासाठीं म्हणून तिला जन्मभर त्याच हातांत द्यावयाची, ह्याला मिटविणें म्हणत नाहींत. ह्याला गुन्ह्याची मुदत वाढविणें म्हणतात. कायद्याच्या दृष्टीनें बलात्काराचा गुन्हा तडजोडीस पात्रच नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं निःसंदिग्धपणें सांगितलें आहे. आणि जातपंचायतीनें बहिष्काराची धमकी दिल्यास त्याविरुद्ध २०१७ पासून महाराष्ट्रांत स्वतंत्र कायदा अंमलांत आहे. पंचांस बसावयाचेंच असेल, तर त्यांनीं मुलीस पोलीस ठाण्यापर्यंत सोबत कोणी करावी हें ठरविण्यासाठीं बसावें.

खानदेशाची म्हणून जी विशेष परिस्थिती आहे, तिकडेही दुर्लक्ष करून चालणार नाहीं. शिरपूर, साक्री, चोपडें, यावल, रावेर ह्या तालुक्यांतील पावरा, भिल्ल, बारेला कुटुंबें केळीच्या व कापसाच्या शेतांत सालदार म्हणून किंवा उक्त्या मजुरीनें राबतात. कित्येक ऊंसतोडीला परमुलखांत जातात. ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच मळ्यांत झोपडी. आणि गांव दोन कोसांवर. अशा ठिकाणीं मुलीवर हात टाकणारा बहुधा कोण असतो, हें उघड आहे. सरकारच्या गुन्हेविषयक आंकड्यांवरूनही हेंच दिसतें कीं, देशांतील बलात्काराच्या शंभर प्रकरणांतील नव्वदांहून अधिकांत आरोपी ओळखीचाच असतो: नातलग, शेजारी, मालक, शिक्षक किंवा लग्नाचें वचन देणारा. अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी राक्षस हें चित्र सोयीचें आहे, कारण त्यामुळें घरांतील दिवा लावावा लागत नाहीं. शिवाय पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलीचा जबाब कागदी मराठींत उतरला कीं त्याचा अर्थ पालटतो, आणि वकील पुढें त्या फरकावरच बोट ठेवतो. पॉक्सो कायद्यांत दुभाषा देण्याची तरतूद आहे. ती मागून घेणारें माणूस पाहिजे. गुन्हा आदिवासी किंवा दलित स्त्रीविरुद्ध व आरोपी त्या जमातींबाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. त्यान्वयें तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें करावयाचा नसतो, व सरकारी अर्थसाहाय्यही मिळतें. हें किती झोपड्यांतून माहीत आहे?

तेव्हां लोकजागृति म्हणजे मेणबत्त्यांची मिरवणूक नव्हे. एक दिवस मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशीं मुलगी एकटीच राहते. लोकजागृति म्हणजे पुढील गोष्टी घरोघर तोंडपाठ होणें. पहिली गोष्ट दवाखान्याची. अत्याचार झालेल्या स्त्रीवर ताबडतोब व मोफत उपचार करणें हें सरकारी व खासगी अशा प्रत्येक इस्पितळाचें कर्तव्य आहे. 'आधीं पोलिसांचा कागद आणा' म्हणून परत पाठविणारा डॉक्टर स्वतः गुन्हेगार ठरतो. गर्भ राहूं नये व एच.आय.व्ही.ची बाधा होऊं नये, यासाठीं घ्यावयाचीं औषधें पहिल्या ७२ तासांत, आणि जितकीं लौकर तितकीं बरीं. आंघोळ न करतां व कपडे न धुतां गेल्यास पुरावा टिकतो. पण आंघोळ झाली म्हणून किंवा दिवस उलटले म्हणून जाऊंच नये असें नाहीं. दुसरी गोष्ट पोलिसांची. फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देतां येते. 'ही हद्द आमची नव्हे' हें उत्तर आतां चालत नाहीं. जबाब स्त्री अधिकाऱ्यानें, शक्यतों मुलीच्या घरीं किंवा ती म्हणेल तेथें, तिचे आईबाप वा विश्वासांतील माणूस समक्ष असतां घ्यावयाचा आहे. आणि अशी फिर्याद नोंदविण्याचें नाकारणारा पोलीस कैदेस पात्र आहे. मूल अठरा वर्षांखालील असेल, तर गुन्हा माहीत असून न कळविणें हाच अपराध आहे, हें शाळा-वसतिगृहांच्या चालकांनीं भिंतीवर लिहून ठेवावें.

तिसरी गोष्ट कोर्टाची व पैशाची. कोणत्याही स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्र सरकारनें २ ऑक्टोबर २०१३ रोजीं सुरूं केलेल्या मनोधैर्य योजनेखालीं अर्थसाहाय्य मिळतें. आरंभीं त्याची मर्यादा ३ लाखांची होती, ती पुढें १० लाखांपर्यंत वाढली. हें साहाय्य म्हणजे अब्रूची किंमत नव्हे. बुडालेली मजुरी, औषधोपचार, मोडलेलें शिक्षण पुन्हां सुरूं करणें, ह्यांसाठीं समाजानें भरावयाचें तें देणें आहे. एकाच छपराखालीं उपचार, समुपदेश, वकील व निवारा मिळावा म्हणून 'सखी' केंद्रांची योजना २०१५ पासून देशभर आहे, आणि १८१ हा स्त्रियांसाठीं व १०९८ हा मुलांसाठीं मदतीचा फोन आहे. साक्षीदारांस संरक्षण देण्याची योजना २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें देशभर लागू केली. चौथी गोष्ट त्या जुन्याच हुंडीची. १९९४ सालीं फोटो धुण्यास काळोखी खोली व कोणीतरी जोडीदार लागे. आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, आणि जी चित्रें कधीं काढलींच नाहींत तीं देखील यंत्र बनवून देतें. म्हणून प्रत्येक मुलीस हें ठाऊक पाहिजे कीं, धमकी आली तर पैसे देऊं नयेत, भेटीस जाऊं नये, निरोप पुसून टाकूं नयेत. १९३० ह्या फोनवर किंवा सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करावी. असें चित्र पसरविणें, नव्हे तसें करण्याची धमकी देणेंही गुन्हा आहे. आणि केवळ गंमत म्हणून तें पुढें धाडणारा मित्रही त्याच गुन्ह्याचा भागीदार आहे. एका फिर्यादीनें टोळी सांपडते. एका गप्पेनें ती पोसली जाते.

आम्हां वर्तमानपत्रवाल्यांचें कर्तव्यही ह्यांत कमी नाहीं. नांव छापावयाचें नाहीं हें तर कायदाच सांगतो. पण नांव गाळून गांव, वय, बापाचा धंदा, शाळा व गल्ली छापली, तर तें नांव छापण्यासारखेंच आहे. खानदेशासारख्या मुलखांत, जेथें सोयरिकींचें जाळें गांवोगांव पसरलेलें असतें, तेथें अर्धा पत्ताही पुरेसा होतो. येथें कोणी विचारील कीं, लाज गुन्हेगाराची असें एकीकडे म्हणतां, आणि नांव झांका असें दुसरीकडे म्हणतां, हें कसें? त्यांत विसंगति नाहीं. फ्रान्समध्यें जिझेल पेलिको नांवाच्या वृद्ध बाईनें २०२४ सालीं आपला खटला उघड्या कोर्टांत चालावा असा आग्रह धरला. एकावन्न पुरुष दोषी ठरले, आणि मान खालीं घालून तोंड लपवीत कोर्टांत शिरणारे ते होते, ती नव्हती. परंतु तें पदर वर करणें तिचें स्वतःचें होतें; दुसऱ्या कोणी तिच्या अंगावरील पदर ओढण्याचा तो परवाना नव्हे. नांव सांगावयाचें कीं नाहीं, हें सोसणारीनें ठरवावें. जोंवर समाज नांव ऐकून आधीं मुलीकडे आणि मग आरोपीकडे पाहतो, तोंवर गुप्तता ही लाज नसून ढाल आहे.

खानदेशांत आखाजीला लेकी माहेरीं येतात. झाडाला झोके बांधले जातात, गाणीं होतात, आणि सासरीं जें कोणाला सांगतां येत नाहीं तें आईपाशीं सांगून होतें. लेकीनें मन मोकळें करावें म्हणून सबंध मुलखानें एक सण राखून ठेवला, ही आपल्या मुलखाची थोरवीच आहे. परंतु आम्ही जळगांव-धुळ्याच्या प्रत्येक आईबापास विचारतों: तुमच्या लेकीनें ही एक गोष्ट सांगितली, तर तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? 'तूं तिथें गेलीस कशाला?' हा निघेल, कीं 'बरें झालें सांगितलेंस, आतां आम्ही आहों' हा निघेल? पहिला निघणार असेल, तर कितीही कायदे करा, कितीही खास कोर्टें नेमा, १९९४ सालची ती हुंडी आजही ह्याच गांवांत वटेल. दुसरा निघणार असेल, तर तिचा कागद कोऱ्या कागदाइतकाच निरुपद्रवी आहे. हें ठरविण्यास सरकारी ठराव नको, वर्गणी नको, सभा नको. तें प्रत्येक घरानें आज रात्रीं दार लावून, मुलींना व मुलग्यांनाही समोर बसवून, स्पष्ट शब्दांत सांगून टाकावें. अपराध ज्याचा, लाज त्याची. एवढा एक धडा ज्या घरांत पाठ झाला, त्या घरांतील मुलीला भीति घालणारा माणूस दुसऱ्या दिवशीं स्वतःच भिऊं लागेल.